आरएक्स १०० चं हेडकाम, सातपूरचं गॅरेज

आधी माझ्या यामाहा आरएक्स १०० बाईकचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिक्श्चरवरचा दाब, वाढवायला दुसरीकडे घासून आणलं होतं, गाडी पळायची मस्त पण कसारा घाट चढताना इंजिनातून खडे हलवल्यासारखा टकटक आवाज यायचा आणि प्लग काढला तर पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके, म्हणजे पिस्टन चक्क झिजत होता राव! पंपावर सगळे म्हणाले १०० ऑक्टेन टाक, टाकलं, आवाज गेला, पण रोज कोण टाकणार एवढं महाग पेट्रोल.

मग नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या या छोट्या गॅरेजात गेलो. दादांनी आधी सोल्डरची तार प्लगच्या होलातून घालून किक फिरवली, पिस्टन आणि हेडमधली फट कळायला दबलेली तार व्हर्नियरने मोजली, मग ब्युरेटने तेल सोडून हेडचं व्हॉल्यूम काढलं. असं मोजून काम करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला. त्यांनी हेडमधला घुमट थोडा मोठा करून कॉम्प्रेशन उतरवलं, पण कडेची स्क्विशची फट (पिस्टन वर आल्यावर कडेला हेडपर्यंत उरते ती) १ मिमीच्या आसपासच ठेवली, कारण कडेचं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर मधे ढकललं गेलं की नॉकिंग, म्हणजे तो टकटक आवाज, कमी होतं. प्लगच्या ठिणगीचं टायमिंगही जरा मागे घेतलं.

जास्त ऑक्टेनने ताकद वाढत नाही, पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायचं टळतं, एवढंच, हे त्यांनीच नीट समजावलं.

आता गाडी ९५ ऑक्टेनवर घाट चढते, आवाज शून्य. काम मिळायला आठ दिवस लागले आणि फोन उचलत नाहीत, तरी पाच स्टार. रविवारी बंद असतं, शनिवारी सकाळीच जा.