तळहातावरून उडून गेलेले ‘वनस्पतिजन्य’ डिझेल

बायोडिझेल म्हणून भलतेच काही गळ्यात मारले गेले आणि त्यात माझे एकूण 2,43,450 रुपये गेले. आकडा सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्याची लाज धरून बसलो तर पुढचे काहीच लिहून होणार नाही. माझ्याकडे एकच गाडी आहे: 2011 सालची दहाचाकी, जुन्या यांत्रिक इंधन पंपाची, कॉमन रेल (संगणकाने इंधन सोडणारी नवी यंत्रणा) नसलेली. लातूरहून सोयाबीनची पेंड न्हावा शेवा बंदरावर पोहोचवायची आणि परतीचे मिळेल ते भाडे उचलायचे, यावर घर चालते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये डिझेल 93 रुपयांच्या आसपास होते आणि एक विक्रेता वनस्पती तेलापासून केलेले बायोडिझेल 74 रुपयांनी देऊ करत होता. लिटरमागे 19 रुपये आणि महिन्याला 900 लिटर, म्हणजे 17,100 रुपये सुटतात, हा हिशेब मी स्वतःच बिल्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडला. तो शांतपणे बघत बसला होता.

मी केवळ लोभाला भुललो, असे कोणी म्हणत असेल तर ते अर्धेच खरे आहे. त्याने सांगितलेल्या गोष्टी मी नंतर तपासल्या आणि त्यांत खोट निघाली नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांनी शोधलेल्या प्रकारचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे खरे आहे. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, हेही खरे आहे. हॉटेलांतले वापरून खराब झालेले तळणीचे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करतात, तेही खरेच. त्याने सोबत आणलेल्या बाटलीला तर भज्यांच्या कढईचा वास येत होता. बाटलीत बायोडिझेल होते, बॅरलमध्ये नव्हते. नमुना नेहमी आपल्या हाताने, उतरवलेल्या मालातून काढावा.

2,000 लिटरचे 1,48,000 रुपये आगाऊ आणि गाडीला बसवायच्या ‘किट’चे 38,500 रुपये, असे 1,86,500 रुपये मी बँकेतून पाठवले. किटमध्ये तेल गरम करणारी कॉइल आणि जोडफिल्टर होता. येथे मला थांबायला हवे होते. साधे वनस्पती तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असते, म्हणून ते गरम करून पातळ करावे लागते. पण मिथेनॉलची प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळे काढून तयार केलेले बायोडिझेल मुळातच पातळ असते आणि आपल्या हवेत त्याला हीटर लागत नाही. मग बायोडिझेल विकणारा हीटर कशासाठी विकत होता, हा प्रश्न मला तीन महिन्यांनी पडला. पुढे मिस्त्रींनी ती कॉइल उघडली, तेव्हा तिच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

तरीही खरी वेळ कॉइलची नव्हती, ती पहिल्या बॅरलची होती, आणि ती आठवली की आजही झोप उडते. बॅरलचे बूच काढल्यावर आमचे चालक, जे वयाने मोठे आहेत आणि ज्यांना मी मामा म्हणतो, ते म्हणाले, “मालक, ह्याला रंगाच्या दुकानासारखा वास येतोय.” मी चार थेंब तळहातावर घेतले. तळहात गार पडला. गाडीच्या पाट्याला टेकून मी फोनवर माल भरण्याची वेळ ठरवली, आणि तेवढ्या दोन मिनिटांत हात कोरडा झाला, तेलकटपणाचा मागमूसही उरला नाही. आमच्या घरी आजोबांपासून करडईचा घाणा होता; तेलाचा हात राखेने घासला तरी ओशट राहतो, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक आहे. तेल उडून जात नाही. उडून जाते ते रॉकेल, थिनर आणि त्यांची भावंडे. हे सगळे मला त्या क्षणी कळले होते, असे मी प्रामाणिकपणे लिहितो, पण पैसे पोहोचले होते, हप्त्याची तारीख चार दिवसांवर होती, आणि आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा वासाकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. मी मामांना म्हणालो, “मामा, तुम्ही गाडी चालवा, तेलाचं मला कळतं.”

पहिल्या दोन फेऱ्यांत निम्मे डिझेल मिसळायचे होते, त्यामुळे गाडी बरी चालली. तिसऱ्या फेरीला “आता गाडीला सवय झाली, निव्वळ टाका” असा निरोप आला. टेंभुर्णीच्या पुढे भरल्या गाडीने उचल घेणे सोडले आणि भिगवणच्या अलीकडे ती बंद पडली. यांत्रिक पंपातील प्लंजरला, म्हणजे इंधन दाबून पुढे ढकलणाऱ्या दांड्याला, वंगण मिळते ते इंधनातूनच. पंपात विरळ द्रावक गेल्यावर ते कोरडे घासत राहिले. मिस्त्रींनी प्लंजर माझ्या हातात दिला, तेव्हा त्यावरचे ओरखडे नखाला लागत होते. पंप आणि नोझलचे काम 41,700, टाकीची सफाई आणि फिल्टर 6,250, गाडी ओढून नेण्याचे 9,000. गाडी 19 दिवस उभी होती, ते नुकसान वरच्या आकड्यात धरलेले नाही. आलेल्या 600 लिटरनंतर एक थेंबही आला नाही आणि फोन बंद झाला.

उरलेल्या तेलात मी घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. बायोडिझेलची घनता 15 अंशांना 0.860 ते 0.900 असते, माझे तेल तापमानाची दुरुस्ती धरूनही 0.80 च्या वर गेले नाही. काही शेकड्यांत मिळणारे हे काचेचे उपकरण आधी घेतले असते तर एवढे लिहावे लागले नसते. बायोडिझेलच्या आयएस 15607 या भारतीय मानकानुसार केलेला चाचणी अहवाल मागा, आणि बिलावर काय लिहिले आहे ते वाचा. माझ्या बिलावर ‘औद्योगिक वापराचे तेल’ असे लिहिले होते आणि मी फक्त रक्कम पाहिली.

आता तक्रारीविषयी. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हा दिवाणी व्यवहार आहे. आग्रह धरल्यावर सांगण्यात आले की माल जिथून निघाला ती हद्द वेगळी आहे. त्या हद्दीत गेलो तर पैसे जिथून पाठवले तिथे जा म्हणाले. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, बँकेत गेलो; रक्कम तुम्हीच स्वखुशीने पाठवली, असे उत्तर मिळाले. पुरवठा कार्यालयातील साहेबांचा युक्तिवाद तर मी विसरू शकत नाही: डिझेलमध्ये भेसळ असेल तर विषय त्यांचा, पण हे डिझेल नाही असे मीच लेखी दिले होते, तेव्हा त्यांनी कशाची चौकशी करायची? शुद्ध बायोडिझेल केवळ डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकता येते, असे सांगणारी केंद्राची 30 एप्रिल 2019 ची मार्गदर्शक तत्त्वे मी छापून नेली होती. ती त्यांनी वाचली आणि म्हणाले, हे बायोडिझेल आहे हे तरी कुठे सिद्ध झाले? वैधमापनवाल्यांनी माप बरोबर होते का एवढेच विचारले. माप बरोबर होते. मी नेलेली बाटली कोणीच घेतली नाही, कारण ती अधिकाऱ्यासमोर सीलबंद केलेली नव्हती, आणि सील करायला यावे असा अर्ज दिला तर त्याला पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून सांगतो, शंका येताच पंचांसमोर नमुना काढा, फोटो काढा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि उदरनिर्वाहासाठी स्वतः व्यवसाय करणाऱ्यालाही कायदा ग्राहक मानतो, तेव्हा ‘व्यापारी वापर’ म्हणून कोणी परत पाठवले तर ऐकू नका. विक्रेत्याला पाठवलेली नोटीस ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली आहे.

तिसऱ्या बॅरलमध्ये अजून सुमारे 145 लिटर शिल्लक आहे. तो पुरावा म्हणून ठेवला आहे, असे मागच्या खेपेला पुरवठा कार्यालयात सांगितले, तेव्हा तिथल्या लिपिकाने प्रथमच माझ्या अर्जात रस घेतला आणि ज्वालाग्राही पदार्थाच्या विनापरवाना साठ्याबद्दल कारवाई होऊ शकते, असे मला बजावले.