फ्रीबीएसडी की जेंटू? लाइट जाणाऱ्या गावात सोर्सवरून सिस्टीम बांधताना

अख्खी सिस्टीम सोर्सवरून बांधायची आणि तशीच अपग्रेड करत राहायची, असं ठरवलं की बहुतेकांसमोर दोनच नावं उरतात: फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली सिस्टीम आणि जेंटू हे लिनक्स. यापलीकडे दोन्ही काय आहेत ते इथे सांगत बसत नाही. वाचणाऱ्याने टर्मिनलवर थोडाफार हात चालवलेला आहे, असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की गुहागर, देवगड, मालवणच्या बाजूला, जिथे जूनमध्ये फणसाची एक फांदी तारेवर पडली की लाइट जाते, तिथे तीन-चार तासांचं कंपाइल कोण नीट निभावून नेतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फ्रीबीएसडीचं ‘बिल्डवर्ल्ड’ म्हणजे फक्त बेस सिस्टीम: सी लायब्ररी, कंपायलर, शेल, नेटवर्कची साधनं, आणि सोबत वेगळ्या कमांडने कर्नल. ब्राउझर, डेस्कटॉप त्यात येत नाहीत. ते ‘पीकेजी’ या पॅकेज उतरवणाऱ्या कमांडने तयार बायनरी उतरतात. जेंटूचं ‘इमर्ज’ वर्ल्डवर चालवलं की मशिनवरचं सगळंच त्यात येतं. त्यामुळे घड्याळ लावून तुलना केली तर तो जेंटूवर अन्याय होईल. तरी अंदाज म्हणून सांगतो: चार कोअर, १६ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर माझ्याकडे बिल्डवर्ल्डला साधारण तीन तास लागतात आणि त्यातला मोठा वाटा एलएलव्हीएम-क्लँग या कंपायलरचा असतो. जेंटूत तेवढा वेळ एकटं क्यूटी-वेबएंजिन हे ब्राउझर-इंजिनचं पॅकेज खातं.

माझ्यापुरता निकाल मात्र वेगावर लागला नाही. लाइट गेल्यावर काय उरतं, यावर लागला.

जेंटूत दीडशे पॅकेजांची यादी चालू आहे आणि साठाव्यावर लाइट गेली असं समजा. ‘इमर्ज’ला ‘रिझ्यूम’ लावलं की ते साठाव्यापासून पुढे चालू होतं, इथपर्यंत ठीक. पण ते साठावं पॅकेज पहिल्यापासून सुरू होतं. छोटं असेल तर कळतही नाही. जीसीसी कंपायलर किंवा वेबएंजिन असेल तर अडीच तास पाण्यात. ‘कीपवर्क’ हे फीचर लावून अर्धवट काम जपता येतं आणि झालेले टप्पे ते पुन्हा चालवत नाही, पण लाइट गेल्यावर त्या फोल्डरमध्ये काय शाबूत आहे याची खात्री नसते. वेग वाढावा म्हणून पोर्टेजचं (जेंटूच्या पॅकेज-व्यवस्थेचं) तात्पुरतं फोल्डर बरेच जण रॅममध्ये ठेवतात. त्यांचं तर काहीच उरत नाही.

दुसरी अडचण जास्त बोचते. जेंटू प्रत्येक पॅकेज तयार झालं की लगेच चालत्या सिस्टीमवर चढवतं. म्हणजे लाइट गेली तेव्हा एकोणसाठ पॅकेजं नवी आणि एक्क्याण्णव जुनी. एरवी हे चालून जातं, जुन्या लायब्रऱ्या पोर्टेज जपून ठेवतं. पण पायथनची आवृत्ती बदलत असताना हे झालं, आणि वर दोन दिवस लाइट आलीच नाही, तर परतल्यावर आधी गुंता सोडवायचा आणि मग अपग्रेड.

फ्रीबीएसडीत बांधणं आणि बसवणं या पूर्ण वेगळ्या पायऱ्या आहेत. सोर्स ‘/यूएसआर/एसआरसी’त, तयार होणारा माल ‘/यूएसआर/ओबीजे’त. बिल्डवर्ल्ड चालू असताना तुमच्या चालत्या सिस्टीमची एकही फाइल बदलत नाही. लाइट दहा वेळा गेली तरी मशीन होतं तसंच उठतं. आणि ‘/ईटीसी/एसआरसी-ईएनव्ही.कॉन्फ’मध्ये ‘विथ_मेटा_मोड=येस’ लिहून ‘फाइलमॉन’ मॉड्यूल लोड केलं की तीच कमांड पुन्हा दिल्यावर झालेलं काम सोडून फक्त उरलेलं बांधलं जातं. पुढच्या अपग्रेडलाही हेच कामी येतं: क्लँग बदललेला नसेल तर तीन तासांचं काम अर्ध्या-पाऊण तासावर येतं.

यात एक खोच आहे. लाइट जाते त्या क्षणी काही फाइलींचं नाव आणि वेळ डिस्कवर पोचलेली असते, आतला मजकूर अजून मेमरीतच असतो. परत आल्यावर ‘मेक’ ही बिल्ड चालवणारी कमांड ताजी वेळ बघते आणि फाइल झाली असं समजून पुढे जाते. मग तासाभराने लिंकर (तयार तुकडे जोडणारा प्रोग्राम) ‘अननोन फाइल टाइप’ म्हणून थांबतो आणि माणूस सोर्समध्ये चूक शोधत बसतो. म्हणून लाइट आल्यावर पहिलं काम: ओबीजेखालच्या शून्य आकाराच्या ‘.ओ’ आणि ‘.पिको’ फाइली ‘फाइंड’ने शोधून उडवायच्या, मग बिल्ड पुन्हा सुरू करायचं. ओबीजे पूर्ण पुसायची गरज सहसा पडत नाही.

बसवण्याचा क्रम चुकवू नये. आधी सोर्समधली ‘अपडेटिंग’ फाइल वाचा. बिल्डवर्ल्ड, मग बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट, सिंगल यूजर, ‘ईटीसीअपडेट -पी’, इन्स्टॉलवर्ल्ड, ‘ईटीसीअपडेट -बी’ (कॅपिटल बी), ‘डिलीट-ओल्ड’, पुन्हा रीबूट. पहिलं ईटीसीअपडेट विसरलात तर एखादा नवा यूजर किंवा ग्रुप नाही म्हणून इन्स्टॉलवर्ल्ड सुरुवातीलाच अडतं. नवा कर्नल उठला नाही तर जुना ‘कर्नल.ओल्ड’ नावाने शाबूत असतो, लोडरच्या मेनूतून निवडता येतो. ‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ मात्र सगळी पॅकेजं नव्याने घेतल्याशिवाय चालवू नका. मोठ्या आवृत्तीच्या उडीनंतर घाईने ते केलं की निम्मे प्रोग्राम उघडत नाहीत.

खरा धोका इन्स्टॉलवर्ल्डच्या त्या पाच-सात मिनिटांचा. त्यावर झेडएफएस ही फाइलसिस्टीम हा चांगला उतारा आहे. ‘बीईसीटीएल’ने नवं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची वेगळी बूट होणारी प्रत) तयार करून ते माउंट करायचं आणि ‘डेस्टडिर’ देऊन सगळं त्यातच बसवायचं. मग चालू सिस्टीमला हातच लागत नाही. मध्येच लाइट गेली तर ते टाकून द्या, दुसरं करा. सोर्समध्येच ‘बीईइन्स्टॉल’ नावाची स्क्रिप्ट हे सगळं करते. एक पथ्य पाळायचं: नवी सिस्टीम महिनाभर नीट चालल्याशिवाय ‘झेडपूल अपग्रेड’ करायचं नाही, नाहीतर जुन्याकडे परतण्याची वाट बंद होते.

जेंटूच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण काही बाबतीत ते सरळ वरचढ आहे. नवा लॅपटॉप असेल तर वायफाय आणि ग्राफिक्सला लिनक्सचा आधार जास्त भक्कम आहे. फ्रीबीएसडीत ‘डीआरएम-केमॉड’ हा ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलबरोबर नव्याने बांधला नाही तर पहिल्याच रीबूटला काळा पडदा. ‘पोर्ट्स_मॉड्यूल्स’मध्ये त्याचं नाव घालणं विसरू नये. जेंटूत यूझ फ्लॅगनी (पॅकेजातल्या सोयी चालू-बंद करणाऱ्या खुणांनी) प्रत्येक पॅकेज हवं तसं छाटता येतं, ती मोकळीक फ्रीबीएसडीच्या बेसमध्ये एवढी नाही. आणि डिसेंबर २०२३मध्ये जेंटूने अधिकृत बायनरी पॅकेजं द्यायला सुरुवात केल्यापासून वेबएंजिनसारखी धुडं तयार घेता येतात, अर्थात तुमचे फ्लॅग त्यांच्याशी जुळले तर. घरात चांगला इन्व्हर्टर असेल आणि एकेक पॅकेज मनासारखं करण्याची आवड असेल, तर जेंटू घेऊ नका असं मी म्हणणार नाही.

पण पावसाळ्यात दोन-तीन महिने अपग्रेड राहून जातंच. जेंटू थोडं थोडं, वरचेवर अपडेट करत राहिलात तरच सुरळीत चालतं. खंड पडला की एकमेकांना अडवणाऱ्या पॅकेजांची लांबलचक यादी समोर येते. फ्रीबीएसडीची स्टेबल शाखा सहा महिन्यांनी ओढली तरी काम तेवढंच. नेटचंही तसंच: ‘गिट पुल’ एकदा झालं की बेस बांधायला रेंज लागत नाही. जेंटूत आधी ‘फेचओन्ली’ लावून सगळे सोर्स उतरवून ठेवा, कारण लाइट गेल्यावर थोड्या वेळाने टॉवरही जातो.

काहीही निवडलंत तरी दोन गोष्टी आधी बघा. इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवा, साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणाऱ्या वेळात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. आणि खाऱ्या हवेत पंख्याची बेअरिंग्ज लवकर धरतात, तेव्हा मे महिन्यात बिल्ड लावण्याआधी पंखा काढून साफ करा आणि रात्री लावा. कंपायलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर ‘सिग्नल ११’ देऊन मरत असेल तर सोर्सला दोष देऊ नका. आधी रॅमच्या पट्ट्या काढा, काँटॅक्ट खोडरबराने हलके पुसा, पुन्हा बसवा आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा.