बॅक्युला आणि एलटीओ-६ टेप: छापखान्यातल्या वापराचा रिव्ह्यू

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी १९९७ साली पेजमेकरवर पानं लावायला लागले. पुढे नेटवर्कच्या वायरी, प्रिंटर, सर्व्हर हे एकेक करत माझ्याकडे आलं आणि आता तेच माझं पूर्ण वेळचं काम आहे. हा रिव्ह्यू बॅक्युला या मोफत बॅकअप सॉफ्टवेअरचा आणि त्याला जोडलेल्या एलटीओ-६ टेप ड्राइव्हचा, म्हणजे चुंबकीय टेपवर डेटा लिहिणाऱ्या यंत्राचा. दोन्ही २०१९ च्या ऑगस्टपासून माझ्या हाताखाली आहेत. चौदा मशिनं, एक सांबा फाइल सर्व्हर (सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारं मशिन), साधारण चार टेराबाइट पानं, स्कॅन आणि पीडीएफ, एवढा आमचा पसारा.

टेपच का, हे आधी सांगते. २०१७ च्या मे महिन्यात फाइली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा आम्ही वाचलो. पण त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या ओळखीच्या एका ऑफिसातली बॅकअपची नॅस पेटी (नेटवर्कवर जोडलेल्या डिस्कची) अशाच दुसऱ्या व्हायरसनं लॉक केली. पेटी सगळ्या मशिनांवर ड्राइव्ह म्हणून जोडलेली होती, त्यामुळे मूळ फाइलींबरोबर बॅकअपही गेला. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपला नेटवर्कवरून कोणी हात लावू शकत नाही. आमच्या मालकांना हे पटवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्यांच्या वडिलांच्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसी, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या पेट्या, चिखलात गेल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, एक प्रत कोथरूडला घरी ठेवता येईल का?" येते. दर महिन्याला जाते.

आता सॉफ्टवेअर. बॅक्युलाचं काम २००० साली सुरू झालं आणि २००२ च्या एप्रिलमध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. त्याचे तुकडे वेगवेगळे आहेत आणि हे तुकडे डोक्यात बसले नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही. डायरेक्टर हुकूम देतो. प्रत्येक मशिनवर बसलेला फाइल डिमन (डिमन म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) फाइली वाचतो. स्टोरेज डिमन त्या डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. आणि कुठली फाइल कधी कुठल्या टेपवर गेली याची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये राहते. पहिल्या तिघांचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे दरवाजे, अनुक्रमे ९१०१, ९१०२ आणि ९१०३.

माझा पहिला आठवडा एका शब्दापायी गेला: लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशिन'. डायरेक्टरच्या फाइलीत स्टोरेजचा पत्ता मी लोकलहोस्ट ठेवला होता, कारण डायरेक्टर आणि स्टोरेज एकाच डेबियन १० या लिनक्सच्या मशिनवर होते. सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप छान व्हायचा. बाकी एकाही मशिनचा व्हायचा नाही. काम सुरू व्हायचं आणि अडकून बसायचं. मी फायरवॉल बंद केली, केबल बदलली, स्विच बदलला. खरं कारण असं की फाइल डिमन डेटा डायरेक्टरमार्फत पाठवत नाही, तो थेट स्टोरेजला जोडून घेतो, आणि कुठे जोडायचं ते डायरेक्टर त्याला तुमच्या फाइलीतला पत्ता जसाच्या तसा वाचून सांगतो. डीटीपीच्या मशिनला "लोकलहोस्टला जा" म्हटलं की ते स्वतःच्याच दारावर टकटक करत बसतं. तिथे सर्व्हरचं खरं नाव किंवा आयपी लिहा. शिवाय डेबियनच्या तयार फाइलींत हे डिमन फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्टवरच, ऐकत असतात, तेही बदला. नव्या माणसाची निम्मी डोकेदुखी इथे संपते.

दुसरी अडचण लांबलेल्या कामांची. फाइल सर्व्हरचा पूर्ण बॅकअप तास दोन तास चालून "कनेक्शन रीसेट" म्हणत मरायचा. एका बाजूला डेटा वाहत असतो तेव्हा डायरेक्टरची जोडणी रिकामी पडून असते आणि मधला राउटर ती मेली असं समजून तोडतो. हार्टबीट इंटरव्हल, म्हणजे जोडणी जिवंत आहे हे कळवणाऱ्या निरोपांमधला वेळ, ६० सेकंद केला, त्या दिवसापासून एकदाही तुटली नाही.

टेप ड्राइव्ह नवा घेण्याएवढे पैसे नव्हते. एका दुकानदाराकडून वापरलेला, दुरुस्त केलेला एलटीओ-६ घेतला, सोबत तो सर्व्हरला जोडायचं एसएएस कार्ड. घरी आणल्या आणल्या बॅक्युलाच्या बीटेप या साधनाची टेस्ट चालवली ती लगेच नापास झाली, कारण ड्राइव्ह ठरावीक मापाच्या ब्लॉकवर (डेटाच्या तुकड्यांवर) लावलेला होता. टेप ड्राइव्ह हाताळणाऱ्या एमटी या साधनाच्या सेटब्लॉक कमांडनं तो शून्यावर, म्हणजे बदलत्या मापावर आणला आणि टेस्ट पास झाली. मग बीटेपचंच फिल चालवलं. हे अख्खी टेप शेवटपर्यंत भरतं आणि दुसऱ्या टेपवर जातं का ते बघतं. तासन्‌तास लागतात, पण त्यातच कळलं की हा ड्राइव्ह टेपच्या शेवटाकडे लिहिताना चुका करतोय. दुकानदार आधी "टेप खराब असेल" म्हणाला. तीन वेगळ्या कोऱ्या टेपवरचे निकाल त्याच्यासमोर ठेवले तेव्हा त्यानं ड्राइव्ह बदलून दिला. वापरलेला ड्राइव्ह घेणार असाल तर पैसे पूर्ण द्यायच्या आधी फिल चालवाच. आणि डिव्हाइसचं नाव एनएसटी-शून्य द्या, एसटी-शून्य नाही. दुसरं प्रत्येक वेळी बंद करताना टेप सुरुवातीला गुंडाळतं आणि पुढचं लिखाण आधीच्यावर जातं.

टेपच्या खोक्यावर ६.२५ टेराबाइट लिहिलेलं असतं त्याच्या भरवशावर राहू नका. ते दाबून बसवलेल्या डेटाचं माप आहे. मूळ क्षमता २.५ टेराबाइट. आमच्या जेपेग आणि पीडीएफ आधीच दाबलेल्या, त्यामुळे आम्हाला २.५ च्या जेमतेम पुढे मिळतं. वेगाचंही तसंच. ड्राइव्ह सेकंदाला १६० मेगाबाइट लिहू शकतो, पण गिगाबिट नेटवर्कवरून फार तर ११० च्या आसपास येतात आणि पेजमेकरच्या हजारो चिमुकल्या फाइली असल्या की तीसही येत नाहीत. डेटा कमी पडला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. पॉलिश करताना ब्रश मागेपुढे फिरतो तसं, म्हणून या प्रकाराला शू-शायनिंग म्हणतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. यानं टेप झिजते आणि ड्राइव्हचं डोकंही. उपाय बॅक्युलातच आहे: स्पूल डेटा चालू करा. डेटा आधी एसएसडीवर जमतो आणि मग एका दमात टेपवर उतरतो. मी २०० जीबीचा स्पूल ठेवला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती.

२०२० च्या फेब्रुवारीत एका प्रकाशकाला आधीच्या दिवाळी अंकातली एक लेखमाला पुस्तकरूपात हवी होती. अंकाची पानं डिसेंबरमध्ये जागा करायला कोणीतरी सर्व्हरवरून पुसली होती. मला चिंता नव्हती. दिवाळी होऊन गेल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बॅकअप घेतला होता, दोन टेप, लेबलं लावून ठेवलेल्या. बीकन्सोल (बॅक्युलाला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) उघडलं, रिस्टोअर म्हटलं, नोव्हेंबरचं काम निवडलं. उत्तर आलं की निवडण्यासाठी एकही फाइल नाही, बहुतेक तुमच्या रिटेन्शनच्या, म्हणजे जपणुकीच्या मुदतीच्या, धोरणानं त्या नोंदी काढून टाकल्या आहेत, सगळ्याच फाइली परत आणू का? हात थंड पडले. माझ्याकडे टेपही होती आणि टेपवर अंकही होता, पण तो टेपवर कुठे आहे हे सांगणारी नोंद मीच पुसू दिली होती.

तयार फाइलीत फाइल रिटेन्शन ६० दिवस आणि जॉब रिटेन्शन सहा महिने असतं. मी ते वाचलं होतं आणि "डेटा साठ दिवस राहतो" असा अर्थ धरून, टेप तर वर्षभर जपली जाणार आहे म्हणून सोडून दिलं होतं. त्याचा अर्थ तो नाही. ते दिवस कॅटलॉगातल्या नोंदींचे आहेत. मुदत संपली की फाइलींची यादी जाते. डेटा टेपवर तसाच राहतो, त्याच्याकडे जायची वाट तेवढी बंद होते. मग स्टोरेज डिमन थांबवून बीएलएस या बॅक्युलाच्या साधनानं दोन्ही टेपांवरच्या फाइलींची नावं काढली, त्यातून अंकाचा फोल्डर शोधला आणि बीएक्स्ट्रॅक्ट या दुसऱ्या साधनाला त्या नावांची यादी देऊन पानं बाहेर काढली. दोन्ही टेप दोनदा वाचाव्या लागल्या. दोन दिवस आणि एक रात्र. पानं मिळाली, फाँटसकट मिळाली, आणि मी त्या पहाटे खुर्चीतच रडले. टेपवरून कॅटलॉगच्या नोंदी पुन्हा बांधणारं बीस्कॅनही आहे हे मला नंतर समजलं.

त्याच आठवड्यात फाइल आणि जॉब रिटेन्शन पाच वर्षांवर नेलं आणि पूलमधलं (टेपांच्या गटाचं) व्हॉल्यूम रिटेन्शन, म्हणजे टेप पुन्हा लिहायला न घेण्याची मुदत, एका वर्षाचं तीन वर्षं केलं. तिथेही एक खाच आहे. सेटिंग बदललं, रीलोड केलं, तरी जुन्या टेपांपुढे ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे ३६५ दिवसच दिसत राहिले. पूलची सेटिंगं टेपला लेबल लावताना एकदाच चिकटतात. जुन्या टेपांना नवी मुदत लागू करायची तर अपडेट कमांडमधून "व्हॉल्यूम फ्रॉम पूल" वेगळं चालवावं लागतं. हे यादी वाचताना दिसलं म्हणून. नाहीतर वर्ष पुरं झाल्यावर बॅक्युलानं त्या टेपा पुन्हा लिहायला घेतल्या असत्या. आता रोज रात्री शेवटचं काम कॅटलॉगच्याच बॅकअपचं असतं, आणि कुठलं काम टेपवर कुठे आहे हे सांगणारी बूटस्ट्रॅप फाइल मला ईमेलनं येते.

पुढे रचनाही बदलली. रोजचा बॅकअप आणि महिन्याचा पूर्ण बॅकअप आधी डिस्कवर, मग रविवारी कॉपी जॉब लावून डिस्कवरून टेपवर. ज्यांची कॉपी अजून झाली नाही तेवढी कामं तो स्वतः शोधून घेतो. डिस्कवरचं मूळ काम मुदत संपून गेलं की टेपवरची प्रत आपोआप मुख्य मानली जाते, हे मला फार आवडलं. डिस्कच्या व्हॉल्यूमना, म्हणजे टेपच्या जागी वापरायच्या मोठ्या फाइलींना, मात्र माप घालावंच लागतं. आमची ५० जीबीची, जास्तीत जास्त १२० आहेत. माप नसेल तर एकच फाइल फुगत जाते आणि डिस्क भरल्यावर सगळं ठप्प होतं. डिस्क आणि टेप यांना मीडिया टाइपची नावंही वेगळी द्या, कारण रिस्टोअरच्या वेळी कुठे शोधायचं हे त्यावरूनच ठरतं.

मराठी फाइलनावांचा प्रश्न अनेकांना पडतो. आमच्याकडे "दिवाळी अंक मुखपृष्ठ शेवटचे" अशी नावं सर्रास आहेत आणि ती जशीच्या तशी परत येतात. कॅटलॉगचा डेटाबेस मात्र एसक्यूएल-आस्की एन्कोडिंगमध्येच (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) बनवा. यूटीएफ-८ मध्ये केला तर बॅक्युला इशारा देतो, आणि तो बरोबर असतो.

उणिवा आहेत. मॅन्युअल जाडजूड आहे आणि नवख्याला कुठून सुरुवात करावी ते त्यातून कळत नाही. डायरेक्टर आणि क्लायंट (फाइल डिमन बसलेलं मशिन) यांची नावं, पासवर्ड दोन ठिकाणी अक्षरशः सारखे लागतात. एक अक्षर चुकलं की नुसतं "ऑथरायझेशन"चा एरर येतो. बॅक्युलम नावाचं वेब पान आहे, पण मला बीकन्सोलच बरं वाटतं. सगळ्यात मोठी उणीव ही की टेपवरचं लिखाण त्याच्या स्वतःच्या पद्धतीचं आहे, टार या लिनक्सवरच्या साध्या साधनानं वाचता येत नाही. अमांडा हे दुसरं जुनं सॉफ्टवेअर इथे उजवं आहे. त्याच्या टेपवरच्या प्रत्येक बॅकअपच्या सुरुवातीलाच डीडी आणि टार वापरून डेटा कसा काढायचा ते लिहिलेलं असतं. मशिनं दोन-तीन असतील आणि सांभाळायला कायमचा माणूस नसेल, तर मी बॅक्युला सुचवणार नाही. दहाच्या वर मशिनं आणि लॉग रोज सकाळी वाचणारं कोणी असेल, तर नक्की घ्या. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही "झालं" म्हणून न झालेलं काम दाखवलेलं नाही. कोरी टेप नसेल तर तो थांबून टेप मागतो. मुदत न संपलेल्या टेपवरचा डेटा आपणहून पुसत नाही.

पावसाळ्यात एक पाळा. कोथरूडहून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, एक दिवस मशिनच्या खोलीतच ठेवा. आमच्याकडे ती सर्व्हरशेजारच्या लाकडी फडताळात असते, जिथे पूर्वी खिळ्यांच्या केसी असायच्या.

ड्राइव्हला आता वय झालंय, महिन्यातून एकदा तरी सफाईची टेप मागतो. पुढचा एलटीओ-७ घ्यायचा असं मालकांना लिहून दिलं आहे. एलटीओ-८ मोठा आहे, पण तो एलटीओ-६ वाचत नाही, आणि २०१९ च्या त्या दोन टेपा मला अजून वाचता यायला हव्या आहेत.