एपीचं जास्तीचं लॅन पोर्ट वापरावं की वेगळा स्विच लावावा?

भिंतीतून केबल एकच आलीये, तिच्यावर एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा) लावलाय आणि आता शेजारच्या पीसीलाही वायर हवीये. एपीच्या मागे दुसरं पोर्ट रिकामं दिसतंच, मग ते वापरायचं की मध्ये पाच पोर्टचा साधा स्विच (एका नेटवर्क केबलला अनेक फाटे देणारा डबा) टाकायचा? मी दोन्ही करून बघितलंय.

एपीचं पोर्ट सोयीचं आहे यात वाद नाही. जादा अडॅप्टर नको, वायरींचा गुंता नको, एपी पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) चालत असेल तर तिथे प्लगसुद्धा लागत नाही. स्पीडमध्ये मला तरी रोजच्या वापरात फरक जाणवला नाही, फक्त ते पोर्ट गिगाबिट आहे ना ते बघा, काही एपींत मुख्य पोर्ट गिगाबिट आणि दुसरं 100 एमबीपीएसचंच असतं. काहींत ते नुसतं कन्सोल पोर्ट (फक्त एपीच्या सेटिंगसाठीचं) निघतं, काहींत सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगवेगळी ठेवलेली नेटवर्कं) असतील तर हे पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये पडतंय तेही तपासा.

मला वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एपी रीस्टार्ट झाला की वायरवरचा पीसीही गेला. फर्मवेअर अपडेट आलं, गेला. माझ्या एपीत तर नुसतं वायफायचं नाव बदलून सेव्ह केलं तरी वायर्ड कनेक्शन थोडा वेळ तुटायचं, आणि नेमकी तेव्हाच मोठी फाइल कॉपी होत असायची किंवा रिमोट डेस्कटॉप चालू असायचा. मोबाइलवाल्यांना काही कळतसुद्धा नाही, ते डेटावर जातात. अहो, वायफायचं काहीही होवो आपलं चालू राहावं म्हणूनच तर वायर ओढतो ना, मग ती वायफायच्याच डब्यातून न्यायची हे काही मला पटेना.

स्विचची डोकेदुखी म्हणजे पीओई. साधा स्विच पीओई पुढे देत नाही, त्यामुळे एपी बंद पडतो, मग स्विच आणि एपीच्या मध्ये इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) लावा, म्हणजे दोन अडॅप्टर आणि दोन प्लग. पीओई पासथ्रूवाला, म्हणजे केबलमधून आलेली वीज पुढे देणारा स्विच मिळतो, पण मागून 802.3एटी (पीओईचं एक स्टँडर्ड) पॉवर येत असली तरी टोकाला 25.5 वॅट धरायचे, त्यातच स्विच आणि एपी दोघांचं भागवायचं. त्याआधीच्या, कमी पॉवरच्या 802.3एएफवर 12.95 वॅटच, तिथे बहुतेक जमणार नाही.

टीव्ही किंवा प्रिंटरच जोडायचा असेल तर एपीचं पोर्ट खुशाल वापरा, उगाच खर्च कशाला. पीसी किंवा नास (नेटवर्कवरून फाइल साठवायचा डबा) असेल तर मी आपला स्विचच लावीन, प्रत्येकाचं गणित वेगळं असू शकतं म्हणा. एपी वायरलेस मेशवर (केबलऐवजी दुसऱ्या एपीशी वायफायनेच जोडलेला) असेल तर प्रश्नच नाही, तिथे वायर मिळणार ती त्याच पोर्टातून.

आणि स्विच लावल्यावर रिकामं दिसतंय म्हणून एपीचं दुसरं पोर्टही त्याच स्विचला जोडू नका, लूप होऊन, म्हणजे डेटा त्याच दोन वायरींतून गोल फिरत राहून, सगळं नेटवर्क झोपू शकतं.