झोन की गॅप? हायस्कूल संघाच्या ऑफेन्सिव्ह लाइनला आधी काय शिकवावं

ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो आणि तीन-चार आठवड्यांत पहिला सामना येऊन ठेपतो. अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूल फुटबॉल संघांचं वेळापत्रक असंच असतं. एवढ्या वेळात लाइनवरच्या, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्यासाठी वाट करणाऱ्या पाच मुलांकडून झोन (वाटेत येईल त्याला धरायचं) आणि गॅप (प्रत्येकाचं काम आधीच ठरलेलं) ही दोन्ही ब्लॉकिंगं, म्हणजे बचावपटूंना अडवण्याच्या पद्धती, पक्की करून घेणं होत नाही. एक मुख्य आणि दुसरं तोंडी लावायला, असं ठरवावंच लागतं. हा आढावा ते ठरवणाऱ्यांसाठी आहे: नवे प्रशिक्षक, मदतनीस प्रशिक्षक आणि टेक्सास-न्यू जर्सीकडे ज्यांची मुलं लाइनवर खेळतात असे मराठी पालकही. भारतात खेळला जाणारा आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असणारा फ्लॅग फुटबॉल पाच-पाच जणांचा असतो. त्यात लाइनचं ब्लॉकिंगच नसतं, त्यामुळे हे सगळं टॅकल फुटबॉलपुरतं.

आमचं मत आधीच सांगतो. दोन्ही पद्धतींनी सामने जिंकता येतात, पण त्यांचं बिघडणं सारखं नसतं. झोन बिघडला की धाव एक-दोन यार्डांवर थांबते. गॅप बिघडला की रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा, पुढे नुसतं ‘बॅक’) बॉल हातात येताच तीन यार्ड मागे आडवा होतो. तुमच्या संघाला यातली कोणती चूक परवडते आणि ती टाळायला लागणारा मुलगा तुमच्याकडे आहे का, हे पाहून निवड करावी.

पुढची सगळी उदाहरणं एकाच मांडणीवर घेऊ. आपल्या लाइनच्या मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. धाव उजवीकडे आहे आणि समोर चार जणांची डिफेन्सिव्ह लाइन आहे. नोज टॅकल आपल्या सेंटरच्या डाव्या खांद्यावर, दुसरा टॅकल आपल्या उजव्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर (यालाच थ्री-टेक्निक म्हणतात) आणि एंड उजव्या टॅकलच्या बाहेर, तर दुसरा एंड डाव्या टॅकलच्या बाहेर. सेंटर आणि गार्डमधली जागा ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी गॅप, टॅकलच्या बाहेरची सी गॅप.

इनसाइड झोन

नियम ऐकायला सोपा आहे. पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात. समोर कुणी उभा असेल तर त्याला धरायचं. कुणी नसेल तर शेजाऱ्याबरोबर त्याच्या माणसावर जायचं आणि नंतर लाइनबॅकरकडे (बचावाच्या लाइनमागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे) वर निघायचं. पहिलं पाऊल उजव्या पायाचं, सहा इंचांचं, थोडं तिरकं. दुसरं पाऊल धडक बसायच्या आत जमिनीवर टेकलेलं हवं, साधारण समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये. अंगठे वर, तळवे त्याच्या छातीच्या आत, कोपरं बरगड्यांजवळ. पहिलं पाऊल सहाचं बारा इंच झालं की कंबर फिरते, खांदे साइडलाइनकडे वळतात आणि दोन लाइनमनच्या मध्ये माणूस शिरेल एवढी फट पडते. मुलं घाईत असतील तर ही चूक सगळ्यात आधी दिसते.

झोनचा खरा जीव मात्र जोडीच्या ब्लॉकमध्ये आहे. आपल्या मांडणीत डावा गार्ड आणि सेंटर मिळून नोजवर जातात. कमरेला कमर लावून दोघं त्याला मागे ढकलतात. चार हात नोजवर, चार डोळे लाइनबॅकरवर. नोज आपल्या जागी राहिला तर डावा गार्ड त्याला ताब्यात घेतो आणि सेंटर लाइनबॅकरकडे निघतो. नोज उजवीकडे सेंटरच्या तोंडावरून आडवा गेला तर सेंटर त्याला धरून ठेवतो आणि गार्ड वर जातो. कोण सुटणार हे आधी ठरलेलं नसतं, नोजच्या हालचालीवर ठरतं. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांचा असतो तसाच हा मामला आहे: हात लवकर सुटला की मधूनच माणूस निसटतो.

आणि हात लवकरच सुटतो. फळ्यावरच्या आकृतीत सेंटरचा बाण लाइनबॅकरपर्यंत काढलेला असतो, म्हणून मुलगा तो बाण पूर्ण करायला धावतो. नोज अजून जागचा हललेला नसताना सेंटरची कंबर त्याच्यापासून सुटलेली व्हिडिओत दिसली, तर तो खेळ तिथेच संपला असं समजा. लाइनबॅकर पुढे येऊन तुमच्या गॅपमध्ये पाऊल टाकेपर्यंत नोजवरच राहायचं, हे रोज घोकून घ्यावं लागतं. या एका गोष्टीसाठी सरावात रोज पंधरा-वीस मिनिटं बाजूला काढता येणार नसतील तर झोनच्या वाटेला जाऊ नये.

रनिंग बॅकवरही ओझं असतं. तो उजव्या गार्डच्या आतल्या पायाचा रोख धरून निघतो. काही संघ थेट सेंटरच्या मागचा रोख देतात. पहिल्या लाइनमनकडे बघून तो सरळ घुसतो, डावीकडे मागे वाकतो किंवा बाहेर निघतो. वळण एकच घ्यायचं. लाइनच्या मागे दोन-तीनदा पाय नाचवणाऱ्या मुलाला झोन देणं म्हणजे लाइनची मेहनत पाण्यात घालणं.

आउटसाइड झोन: मोह टाळा

डेन्व्हर ब्रॉन्कोसनं नव्वदच्या दशकात मुख्य प्रशिक्षक माइक शानाहान आणि लाइनचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्स यांच्या हाताखाली आउटसाइड झोनच्या जोरावर सलग दोन सुपर बोल (एनएफएल या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने) जिंकले. १९९८मध्ये टेरेल डेव्हिसनं २,००८ यार्ड काढले. लाइनमन त्या काळाच्या मानानं हलके आणि चपळ होते. तो खेळ पाहून अनेकांना वाटतं की आपलीही लाइन हलकी आहे, मग हेच करू.

अडचण मागच्या बाजूची आहे. आउटसाइड झोनमध्ये बॅक बाहेर धावतो आणि मग आत कापतो, म्हणजे धावेच्या उलट बाजूचे बचावपटू अडलेच पाहिजेत. डेन्व्हरचे लाइनमन तिथे त्यांच्या पायांवर ब्लॉक टाकून त्यांना खाली पाडत. बहुतेक राज्यांतल्या हायस्कूलच्या नियमांत (टेक्सास वेगळं, तिथे कॉलेजच्या धर्तीवरचे नियम चालतात) कमरेखालचा ब्लॉक फक्त फ्री-ब्लॉकिंग झोनमध्ये चालतो: बॉलच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्ड, पुढे-मागे तीन-तीन यार्ड. तोही स्नॅप होताच (सेंटरनं बॉल मागे देताच) लगेच, आणि दोघंही खेळाडू स्नॅपच्या वेळी त्या झोनमध्ये लाइनवर असतील तरच. तीन पावलं पळून मग खाली गेलेल्या मुलाला १५ यार्डांचा दंड बसतो. म्हणजे मागच्या बाजूला उभ्यानंच, नुसत्या पायांच्या वेगावर माणूस अडवावा लागतो. असे डावा गार्ड आणि डावा टॅकल दोन्ही एकाच शाळेत सापडणं कठीण.

गॅप: पॉवर आणि काउंटर

इथे प्रत्येकाचं काम स्नॅपच्या आधीच ठरलेलं असतं. पॉवर आणि काउंटर हे यातले दोन खेळ. आधी पॉवर उजवीकडे घेऊ. उजवा गार्ड आणि उजवा टॅकल थ्री-टेक्निकवर डबल टीम करतात, म्हणजे दोघं मिळून जातात, आणि त्याला मागच्या लाइनबॅकरच्या अंगावर ढकलत नेतात. फुलबॅक (बॅकच्या पुढे धावून वाट करणारा) एंडला बाहेर ढकलतो, त्याला किक आउट म्हणतात. डावा गार्ड पुल करून, म्हणजे आपली जागा सोडून लाइनच्या मागून जात, त्या डबल टीमला वळसा घालतो आणि जवळच्या लाइनबॅकरवर जातो. सेंटर डावीकडे नोजवर बॅक ब्लॉक (धावेच्या उलट बाजूचा ब्लॉक) करतो. डावा टॅकल आधी आत पाऊल टाकून बी गॅप बंद करतो, मग दार उघडावं तसा बाहेरच्या एंडकडे फिरतो.

लहान चणीच्या मुलांना यात मोठा फायदा आहे. बहुतेक ब्लॉक कोनातून किंवा दोघांनी मिळून होतात. १८० पौंडांच्या मुलाला २४० पौंडांचा टॅकल समोरून एकट्यानं हलवायचा नसतो, बाजूनं बरगडीत घुसून ढकलायचा असतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं आणि सगळ्यात महाग ठिकाण म्हणजे सेंटरचा बॅक ब्लॉक. गार्ड निघून गेल्यावर त्याची जागा मोकळी राहते आणि समोरचा टॅकल त्याच्या पाठोपाठ आत घुसतो. सेंटरला बॉलही द्यायचा असतो आणि डावं पाऊल सपाट टाकून डोकं त्या माणसाच्या पुढेही काढायचं असतं. डोकं मागे राहिलं की माणूस समोरून निसटला. यावर एक साधा उपाय आहे: पॉवर शक्यतो थ्री-टेक्निकच्या बाजूलाच चालवा. मग सेंटरच्या वाट्याला खांद्यावर उभा असलेला जवळचा नोज येतो. उलट बाजूला चालवलं तर त्याला गार्डच्या बाहेर उभ्या माणसापर्यंत पोचावं लागतं, आणि तिथे हायस्कूलचे नव्वद टक्के सेंटर पोचत नाहीत असं म्हटलं तरी वावगं होणार नाही.

दुसरं ठिकाण पुलची खोली. गार्ड लाइनपासून एक यार्डाहून जास्त मागे गेला तर तो बॅकच्या वाटेत येतो किंवा उशिरा पोचतो. पॉवरसाठी खांदे समोर ठेवून बाजूला सरकत जायचं, म्हणजे स्किप पुल, शिकवावं. त्यात गार्डला लाइनबॅकर सतत दिसतो आणि डबल टीमच्या पाठीला घासूनच तो वळतो. कोपर मागे फेकून, पाय उघडून पळायचा ओपन पुल काउंटर आणि स्वीपसाठी राखून ठेवा. पुल करणाऱ्या मुलाचे डोळे बाहेर गेले की तो एंडकडे पळतो आणि लाइनबॅकर मोकळाच राहतो. म्हणून वळताना नजर आत.

तिसरं ठिकाण एंड. हुशार एंड किक आउट घेत नाही. तो फुलबॅकच्या आतल्या बाजूनं घुसून दोघांचा ढीग करतो आणि वाट बुजवतो. तेव्हा फुलबॅकनं त्याला आतच दाबून धरायचं, आणि गार्ड व बॅक दोघांनी बाहेरून जायचं. हा बदल सरावात केलेला नसेल तर सामन्यात आयत्या वेळी सुचत नाही.

काउंटरमध्ये गार्ड किक आउट करतो आणि त्याच्या मागून टॅकल किंवा टाइट एंड (आपल्या लाइनच्या टोकाला उभा राहणारा) लाइनबॅकरवर जातो. जो गिब्स यांच्या वॉशिंग्टन संघानं यावरच नाव कमावलं. जानेवारी १९८८च्या सुपर बोलमध्ये टिमी स्मिथनं २०४ यार्ड काढले, त्यात काउंटरचा मोठा वाटा होता. हायस्कूलमध्ये टॅकल पुल करताना मागचा एंड पूर्ण मोकळा सुटतो. त्याला क्वार्टरबॅकच्या (सेंटरकडून बॉल घेणाऱ्याच्या) रीडनं, म्हणजे एंड काय करतो ते बघून बॉल द्यायचा की स्वतः धावायचं हे ठरवून, किंवा खोट्या चालीनं अडकवता येत नसेल तर गार्ड आणि टाइट एंडचा काउंटर बरा.

समोरचा बचाव पाहून

बचावाचे लाइनमन स्नॅपबरोबर जागा बदलत असतील, तिरके घुसत असतील, तर झोन सरस. ज्याच्या वाटेत जो आला तो त्यानं धरायचा, एवढंच असतं. तेच गॅपमध्ये ठरलेला माणूस ठरलेल्या जागी सापडत नाही आणि डबल टीम हवेत जाते. पुल करणाऱ्या गार्डच्या मागच्या ए गॅपमधून लाइनबॅकरचा ब्लिट्झ (स्नॅपबरोबर थेट आत घुसणं) आला, तर पॉवरला त्यावर चांगलं उत्तरच नाही.

उलट, सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्या डोक्यावर एकेक माणूस उभा करणाऱ्या बेअर मांडणीत झोनच्या जोड्याच तुटतात. फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडनं लाइनवर सहा जण उभे केले. त्यापुढे लॉस एंजेलिस रॅम्सचा आउटसाइड झोन चालला नाही आणि त्यांचे एकूण गुण झाले तीन. गर्दीच्या अशा मांडणीवर डाउन ब्लॉक (आतल्या बाजूच्या माणसावर कोनातून ब्लॉक) आणि पुल जास्त काम करतात. त्याच वर्षीच्या मोसमात बॉल्टिमोर रेव्हन्सनं ३,२९६ यार्ड धावून एनएफएलचा विक्रम केला. त्यात गार्ड आणि टाइट एंडच्या पुलला क्वार्टरबॅक लामार जॅक्सनच्या धावेची जोड होती.

पासचा हिशोबही धरा. आउटसाइड झोनमधून बूटलेग (धावेचं सोंग करून क्वार्टरबॅकनं उलट बाजूला पास टाकायला निघणं) आपोआप मिळतो. पुल करणारा गार्ड लाइनबॅकरना चटकन फसवतो, कारण त्यांना गार्ड वाचायलाच शिकवलेलं असतं. पण धाव की पास हे स्नॅपनंतर ठरवणारे आरपीओ खेळणार असाल तर सांभाळा: बहुतेक राज्यांत हायस्कूलमध्ये पास लाइनच्या (बॉल जिथून सुटतो त्या रेषेच्या) पलीकडे जाणार असेल तर लाइनमन दोन यार्डांपलीकडे असता कामा नये, आणि वळसा घालून निघालेला गार्ड ती हद्द सहज ओलांडतो.

ठरवायचं कसं

पहिल्या आठवड्यात मैदानाच्या टोकाकडून, लाइनच्या पाठीमागून व्हिडिओ घ्या. साइडलाइनवरून घेतलेल्या व्हिडिओत पाऊल आणि कमर कळत नाही. मग तीन गोष्टी प्रत्येकी दहा स्नॅपवर तपासा.

सेंटरला डाव्या खांद्यावरचा, पूर्ण ताकदीनं घुसणारा माणूस द्या. दहातले आठ वेळा त्यानं डोकं पुढे काढलं तर गॅपचं दार उघडं. पाचाहून कमी असेल तर पॉवर विसरा, किमान या मोसमात.

दोन्ही गार्ड पुल करवून पाहा. बॅकच्या आधी वळणावर पोचणारा एक जरी सापडला तरी पुरे, त्याला नेहमी मागच्या बाजूला ठेवता येतं.

शेवटी सेंटर-गार्ड जोडीसमोर नोज आणि लाइनबॅकर उभे करा आणि दुसरं पाऊल टेकल्यावर व्हिडिओ थांबवा. दोघांच्या कमरा चिकटलेल्या आहेत का आणि नोज मागे सरकलाय का, एवढंच बघा.

लहान शाळा, हलकी लाइन आणि तीच मुलं बचावातही खेळणारी असतील, तर आमचा कौल गॅपला: पॉवर, काउंटर आणि जोडीला इनसाइड झोन. गार्ड जखमी झाला तरी बदलीच्या मुलाला दोन दिवसांत त्याचं काम शिकवता येतं. झोनच्या जोडीतला एक बदलला की दोघांचा मेळ पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो. शॉटगनमधून (सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहून) खेळणारा, स्वतः धावू शकणारा क्वार्टरबॅक, धीराचा बॅक आणि गेल्या मोसमातले तीन-चार लाइनमन पुन्हा उपलब्ध असतील, तर झोन मुख्य ठेवा. मागच्या एंडला रीड करून क्वार्टरबॅक त्याला मोकळा सोडतो आणि एक ब्लॉकर वाचतो.

गॅप निवडलात तर लाइनमनमधलं अंतर दोन फुटांऐवजी दीड फुटांवर आणा, म्हणजे सेंटरला बॅक ब्लॉकसाठी कमी चालावं लागेल. पहिले चार दिवस पुल न करवता फक्त डबल टीम आणि बॅक ब्लॉक घ्या. पाचव्या दिवशी गार्डला हलवा, आणि एंड आत घुसला तर काय करायचं हे पहिला सराव सामना येण्याआधी शिकवून ठेवा.