पुरणयंत्रातून काढलेले मॅश्ड पोटॅटो : होळी ते दिवाळीचा अनुभव

पुरणयंत्र घेतलं ते होळीच्या पुरणपोळ्यांसाठी. पण तेव्हापासून आमच्या घरी ते पुरणापेक्षा बटाट्यासाठीच जास्त वेळा बाहेर निघालंय, म्हणून हा अनुभव बटाट्याचा. आम्ही घरी दोघंच. तव्यावर भाजलेली सुरमई असो, चिकन असो की मशरूमची दाटसर ग्रेव्ही, सोबत प्रत्येकी वाटीभर मॅश्ड पोटॅटो पुरतात. एवढ्या थोड्या प्रमाणात ते मऊ, बिनगुठळीचे आणि मुख्य म्हणजे चिकट न होता करायचे असतील, तर पुरणयंत्रासारखं दुसरं साधन नाही, असं आता मी ठामपणे सांगू शकते.

माझं यंत्र तुळशीबागेतून घेतलेलं, साधं, स्टीलचं आहे. वर दांडा, खाली तिरकं पातं, आणि बदलता येणाऱ्या तीन जाळ्या: बारीक, मध्यम, जाड. पातेल्यावर टेकायला तीन आकडे. पुरणाला आपण बारीक जाळी लावतो, तशी बटाट्यालाही लावता येते आणि लोण्यासारखं मऊ काहीतरी खाली पडतं. पण रोजच्यासाठी मी मध्यम जाळीवर स्थिरावले आहे. तिच्यातून बटाटा हलका, मोकळा पडतो, नंतर दूध-लोणी छान शोषून घेतो आणि खाताना बटाटा खाल्ल्यासारखा वाटतो. जाड जाळी ह्या कामाला मला कधीच आवडली नाही.

हे यंत्र बटाट्याला का जमतं, ह्याचं कारण बटाट्याच्या आत आहे. उकडलेल्या बटाट्याची प्रत्येक पेशी म्हणजे फुगलेल्या स्टार्चने भरलेली पिशवी असते. उकडल्यावर दोन पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, त्यामुळे पेशी एकमेकींपासून सहज सुट्या होतात. त्या नुसत्या सुट्या झाल्या तर मऊ, फुललेला लगदा मिळतो. त्या फुटल्या तर आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याची खळ होते. मिक्सरचं पातं नेमकं हेच करतं. काही सेकंदांत बटाटा ताणला जाईल इतका चिकट होतो, आणि मग कितीही लोणी घाला, तो पूर्ववत होत नाही. पुरणयंत्रात पातं बटाट्याला कापत नाही, जाळीकडे दाबतं. बटाटा भोकांतून एकदाच जातो आणि काम संपतं.

पावभाजीचा मॅशरही पेशी फारशा फोडत नाही, पण दोन-तीन बटाट्यांसाठी तो पातेल्यात नुसता इकडून तिकडे फिरतो, गुठळ्या राहतात, त्या मोडायला आपण पुन्हा पुन्हा ठेचतो आणि तिथे चिकटपणा सुरू होतो. किसणी बरी आहे. आलू पराठ्याच्या सारणाला अनेकजणी वापरतात. फक्त गरम बटाटा हातात धरून किसणं जिवावर येतं, आणि गार करून किसला तर मॅशसाठी त्याचा उपयोग राहत नाही. यंत्र नसेल तर सोऱ्या काढा. जाडसर शेवेची चकती लावून सोललेला गरम बटाटा त्यात भरा आणि दाबा. बाहेर 'पोटॅटो रायसर' म्हणून जे विकतात त्याचं तत्त्व हेच आहे. सोऱ्यातून निघालेला बटाटा पुरणयंत्राच्या तोडीस तोड असतो, पण एका वेळी एकच बटाटा मावतो.

पुरणयंत्र बटाट्याला वापरणं ही ओढूनताणून केलेली युक्तीही नाही. पॅरिसजवळच्या जाँ मांतले ह्या गृहस्थांनी १९३२ साली हाताने फिरवायची भाज्यांची गिरणी बाजारात आणली, ती बटाट्याच्या प्युरेसाठीच, म्हणजे तिकडच्या मऊ मॅशसाठीच. पुढे १९५७ मध्ये त्यांच्या कंपनीचं नाव मुलिनेक्स झालं. त्या गिरणीचं चित्र पाहिलंत तर आपलंच पुरणयंत्र वाटेल: तोच दांडा, तेच तिरकं पातं, तीच जाळी. आणि ज्या प्युरेने फ्रेंच शेफ जोएल रोबुशों जगभर ओळखले गेले, तीही अशाच गिरणीतून निघायची. १९८१ साली त्यांनी पॅरिसमध्ये 'जामँ' हे रेस्टॉरंट सुरू केलं, १९८४ मध्ये त्याला मिशेलँ मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिचा सर्वोच्च मान, मिळाले, आणि लोक तिथे बटाट्याची प्युरे खायला जात. त्यांचं प्रमाण १ किलो बटाट्याला २५० ग्रॅम लोणी असं होतं. दोघांच्या ३५० ग्रॅम बटाट्याला हिशेब केला तर जवळजवळ ९० ग्रॅम लोणी होतं. सणासुदीला एकदा करून पाहावं असं ते आहे, कारण चव खरोखर विलक्षण लागते. एरवी मी ३५ ग्रॅमवर थांबते.

आता बटाट्याबद्दल. इतक्या महिन्यांत सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर ह्यानेच, यंत्राने नव्हे. पुण्याच्या बाजारात बटाटा येतो तो आग्र्याचा, इंदूरचा, तळेगावचा. पावसाळा सरता सरता आंबेगावच्या सातगाव पठारावरचाही. भाजीवाला गाव सांगतो, वाण क्वचितच सांगतो, आणि मॅशसाठी महत्त्वाचं असतं ते वाण. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांच्या नावाआधी 'कुफरी' लागतं. त्यातला पुखराज दिसायला देखणा, पिवळसर, पण पाणीदार. रस्सा भाजीला चांगला, मॅशला पातळ. ज्योती मधला, विश्वासाचा. चिप्ससाठी काढलेल्या चिप्सोनात घन भाग जास्त आणि साखर कमी, त्यामुळे तो उकडल्यावर पिठूळ फुटतो. कुठे मिळाला तर सोडू नका.

वाण कळत नसेल तर घरी एक परीक्षा करता येते. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर घन भाग जास्त, म्हणजे मॅशला उत्तम. तरंगला तर तो भाजीला वापरा. मी नवीन बटाटे आणले की त्यातल्या दोघा-तिघांची अशी परीक्षा घेते आणि मग टोपलीतल्या बाकीच्यांचं काय करायचं ते ठरतं.

दुसरी गोष्ट शीतगृहाची. उत्तरेकडचा बटाटा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि मग वर्षाचा मोठा भाग आपण शीतगृहातला खातो. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. होळीच्या सुमारास केलेला मॅश आणि श्रावणात केलेला मॅश ह्यांच्या चवीत मला जो गोडसर फरक जाणवला तो ह्यामुळे. अशा बटाट्यांना आठ-दहा दिवस टोपलीत, अंधाऱ्या पण उबदार जागी ठेवलं की गोडी बरीच उतरते. घरच्या फ्रिजमध्ये कच्चा बटाटा ठेवूच नये, त्याचंही कारण हेच. आणि तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी लसूण आणि मिरपूड वाढवायची.

दोघांसाठी माझं प्रमाण असं: मध्यम आकाराचे ३ बटाटे, म्हणजे साधारण ३५० ग्रॅम; ३५ ग्रॅम लोणी; ७५ ते १०० मिलिलिटर दूध. बटाटे सालीसकट, न चिरता उकडायचे. उघड्या पातेल्यात उकडायचे तर गार पाण्यात मीठ घालून सुरुवात करायची, म्हणजे बाहेरचा भाग आधी शिजून फुटत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास सुरी आरपार जाते. घाई असेल तर कुकर, पण बटाटे पाण्यात बुडवून नाही. तळाला पाणी, वर डब्यात कोरडे बटाटे, तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. वाफेवरचा बटाटा पाणी पीत नाही, आणि जितकं पाणी त्यात कमी तितकं दूध आणि लोणी मावतं. चव तिथूनच येते.

सोलून लगेच यंत्रात. 'लगेच' ह्या शब्दावर माझा जोर आहे. बटाटा गार होऊ लागला की स्टार्च घट्ट बसतो, दांडा जड फिरतो आणि खाली कणीदार माल पडतो. हातात कापड धरून सोला, पण गरमच सोला. पडलेला लगदा जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं लाकडी उलथन्याने परतायचा. वाफ निघताना दिसते, लगदा तळ सोडतो. मग गार लोण्याचे तुकडे थोडे थोडे, आणि ते जिरल्यावर कडकडीत गरम दूध, तेही बेताबेताने. लोणी आधी, दूध नंतर. दूध एकदम ओतलं तर लगदा ढवळत बसावं लागतं, आणि ढवळणं जितकं कमी तितकं बरं.

लोण्याबद्दल मी आग्रही आहे. घरी विरजलेल्या सायीचं ताजं पांढरं लोणी ह्याला जे करतं ते विकतचं खारं बटर करत नाही. त्या लोण्यात हलका आंबूसपणा असतो, आणि फ्रान्समध्येही लोण्यासाठी साय बहुधा विरजूनच घेतात. खारं बटर वापरायचं तर उकडताना मीठ कमी टाका. क्रीम आणायची गरज मला कधी पडली नाही. दुधात दोन चमचे साय फेटून घातली की झालं.

चवींमध्ये सगळ्यात जास्त वेळा केला तो लसणाचा. सहा पाकळ्या सोलून, न ठेचता, दुधात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायच्या आणि बटाट्याबरोबर यंत्रातून काढायच्या. लसूण ठेचला की त्यातलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि झणका तयार होतो. अख्ख्या पाकळ्या आधी शिजल्या तर ते विकर निकामी होतं आणि उरते ती गोडसर, खोल चव. सहा पाकळ्या जास्त वाटतील, पण खाणाऱ्याला लसूण खुपत नाही.

जायफळ तर पुरणाच्या डब्यात असतंच. फ्रेंच आणि जर्मन घरांत बटाट्याच्या प्युरेत ते हमखास पडतं. शेवटी चिमूटभर किसून घाला, आणि काळ्याऐवजी पांढरी मिरपूड. कांद्याच्या पातीचा प्रकार आयर्लंडच्या उत्तरेकडचा, तिकडे त्याला 'चॅम्प' म्हणतात: बारीक चिरलेली पात दुधात दोन मिनिटं उकळायची, ते दूध पातीसकट बटाट्यात, वाढताना मध्ये खळगा करून त्यात लोणी. हिवाळ्यात कोवळी पात मिळते तेव्हा मला हाच सगळ्यांत आवडतो. सुरमईबरोबर मी लोणी निम्मं करून मोहरीचं तेल घालते. बंगालमध्ये उकडलेल्या बटाट्याला ते कच्चंच लावतात आणि माशाला ती जोडी फार शोभते. दह्यातलं बटाट्याचं भरीत मात्र यंत्रातून काढू नका. त्याला हाताने कुस्करलेला, मध्ये मध्ये फोडी राहिलेला बटाटाच हवा.

यंत्राच्या उणिवाही सांगते. धुणं हा सगळ्यात मोठा त्रास. जाळीच्या भोकांत बटाटा वाळला की दगड होतो, त्यामुळे बटाटा निघाला रे निघाला की सुटे भाग गार पाण्यात टाकायचे. गरम पाण्यात स्टार्च आणखी चिकटतो. नायलॉनचा ब्रश मागच्या बाजूने फिरवला की जाळी साफ होते. दुसरं, पात्याखाली नेहमीच चमचाभर बटाटा अडकून राहतो. दांडा दोन फेरे उलटा फिरवला की त्यातला बराच सुटतो, पण एका माणसासाठी एकच बटाटा करायचा असेल तर ह्या यंत्राच्या वाटेला जाऊ नका, सोऱ्या घ्या. तिसरं, आकडे गुळगुळीत आहेत. अरुंद पातेल्यावर नीट बसतात, रुंद पातेल्यावर घसरतात. मी खाली ओलं फडकं घालते आणि एक हात यंत्रावर ठेवते. पात्यावर ताण देणाऱ्या स्प्रिंगवर पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले. कोरडी पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायला लागल्यापासून वाढलेले नाहीत.

उरलेला मॅश दुसऱ्या दिवशी घट्ट होतो. दुधाचा हबका मारून, झाकण ठेवून मंद आचेवर गरम केला तर चांगला लागतो, पहिल्या दिवसासारखा नाही. मी सहसा त्यात थोडं तांदळाचं पीठ आणि मिरची-कोथिंबीर घालून तव्यावर टिक्क्या करते.

नवीन घेणार असाल तर दुकानातच जाळी बसवून दांडा फिरवून पाहा. पातं जाळीला सगळीकडे टेकलं पाहिजे; उजेडाकडे धरून पाहिलं की मधली फट लगेच दिसते. फट असेल तर बटाटा खाली जाण्याऐवजी नुसता गोल फिरतो. जाळ्या दोन असल्या तरी चालेल, पण त्यातली एक मध्यम आहे ना, हे विचारून घ्या.