जोर आणि दम: पुरुष आणि स्त्रिया

एका झटक्यात जोर लावायचा तर पुरुष सरस, यात वाद नाही. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) त्यांचे स्नायू मोठे होतात. पण आपापल्या ताकदीच्या ठरावीक हिश्श्यानं पकड धरून ठेवायची, तर बहुधा स्त्रिया उशिरा थकतात. मॅरेथॉनच्या दुसऱ्या अर्ध्या टप्प्यातही त्यांचा वेग सरासरीनं पुरुषांइतका ढासळत नाही. हा दम मला फार मोलाचा वाटतो.

स्वभावाचं चित्र मात्र धूसर आहे. २६ संस्कृतींच्या २००१ सालच्या अभ्यासात स्त्रिया अधिक कनवाळू आणि काळजी करणाऱ्या, पुरुष अधिक ठाम दिसले. पण फरक छोटेच. दोन सख्ख्या भावांमध्येही त्याहून मोठं अंतर सापडतं. म्हणूनच ‘बायका हळव्याच’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.